पुड्याची मागची बाजू वाचण्याचा विधी

हा विधी ज्याला गव्हाने, दुधाने, शेंगदाण्याने किंवा सोयाबीनने त्रास होतो त्यानेच करावा. हौशी मंडळींनी दूर राहावे. दुकानातल्या रांगा आधीच लांब आहेत.

आरंभी आपला त्रास नेमका कोणता, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. दूध न पचणे म्हणजे त्यातले लॅक्टोज फोडणारे विकर अंगात कमी असणे. दुधाची अ‍ॅलर्जी म्हणजे दुधातल्या प्रथिनांवर शरीराने शस्त्र उपसणे. यात जिवावर बेतू शकते. सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हातले किंवा जवातले ग्लुटेन पोटात गेले की शरीराने स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जाणे. तिन्ही प्रकरणे वेगळी असली तरी नातेवाइकांत तिन्हींचे नाव ‘हल्लीची फॅडं’ असे एकच असते आणि तिन्हींवर आत्याचा ‘जरा जरा खाऊन सवय कर’ हा एकच उपाय असतो. तो करू नये. सीलिअ‍ॅकची शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू मात्र सोडू नये. आधीच सोडला तर तपासणीत काही सापडत नाही, आणि आत्या जिंकते.

साहित्य: चष्मा आणि मोबाइल. मोबाइल फोटो काढून अक्षरे मोठी करण्यासाठी. सोबत घाईचा माणूस नसावा.

दुकानात पुडा हाती येताच तो उलटा करावा. पुढची बाजू जाहिरातवाल्यांनी लिहिलेली असते, मागची कायद्याने लिहून घेतलेली असते. पुढे नाचणीचे कणीस डोलत असेल, ‘मल्टिग्रेन’ असे ठसठशीत छापलेले असेल, तर नमस्कार करून पुढे जावे. मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. त्यामुळे नाचणीच्या बिस्किटात पहिला मान मैद्याचा, मग साखरेचा, मग पामतेलाचा, आणि नाचणी पंगतीच्या शेवटी बसलेली, असे दृश्य अनेकदा दिसते. ही यादी इंग्रजीत किंवा हिंदीत असली की नियम पाळला गेला. मराठी कंपनीच्या मर्जीवर. हिरव्या ठिपक्यानेही हुरळू नये. तो शाकाहाराचा आहे, आणि दूध आपल्याकडे शाकाहारीच.

आता आकडे. नवसाधक इथे हमखास घाबरतो. ३३० दिसले की पुडा खाली ठेवतो, ५०० दिसले की कुटुंबाला फोन लावतो. वास्तविक ३३० म्हणजे लिंबात असते ते सायट्रिक आम्ल, ५०० म्हणजे आपल्याच फडताळातल्या खायच्या सोड्याचे घराणे, आणि ४१५ म्हणजे झँथन गम, ज्याच्या जिवावर बिनगव्हाचा पाव उभा राहतो. आकड्यांपैकी ३२२ (लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे) आणि २२० ते २२८ (सल्फाइट) हे मात्र ज्याचे त्याने ओळखून ठेवावेत. जर्दाळू केशरी तुकतुकीत असेल तर या दुसऱ्या मंडळींचा हात असतो. बिनसल्फाइटचा जर्दाळू काळपट, सुरकुतलेला आणि प्रामाणिक दिसतो.

खरे घातपाती साध्या कपड्यांत असतात. ‘माल्ट’ हा शब्द कॉर्नफ्लेक्सच्या पुड्यावर मक्याच्या शेजारी निरागसपणे उभा असतो. तो बहुधा जवाचा. सोया सॉसमध्ये गहू असतो. चहात घालायच्या ‘नॉन डेअरी’ पावडरीत सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचेच प्रथिन, सापडते. आणि या सर्वांचा म्होरक्या आपल्या फोडणीत बसलेला आहे: हिंग.

शुद्ध हिंग हा इराण-अफगाणिस्तानकडच्या एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र की नुसता वापरता येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून बांधणी हिंग करतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. म्हणजे पापड, लोणचे, चिवडा, सांबार मसाला, वरण, सगळीकडे चिमूटभर गहू फिरून येतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. डबी उलटी करून तोच घ्यावा. मेतकूट आणि भाजणी यांच्याबाबत तर हिंगापर्यंत जायचीही गरज नाही, त्यांत गहू राजरोस भाजून घातलेला असतो.

सीलिअ‍ॅकवाल्याने निराश झाल्यास उपवासाच्या कप्प्याकडे वळावे. साबुदाणा, वरई, राजगिरा. गहू नाही, हिंग नाही. आपल्या पूर्वजांनी एकादशीच्या निमित्ताने याची सोय करून ठेवली आहे. पीठ मात्र गव्हाच्या गिरणीत दळलेले नसावे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने याच कप्प्यापासून लांब पळावे, कारण तिथे शेंगदाणा नसलेली वस्तू म्हणजे बहुधा कप्पाच.

पुड्यावर ‘कंटेन्स’ने सुरू होणारी ओळ शोधावी. ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांची वर्दी तिथे देणे २०२० च्या नियमावलीने सक्तीचे केले आहे. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाला मुख्य अ‍ॅलर्जनांत बसवले. आपल्याकडे तो अजून ‘मसाले’ या मोघम शब्दामागे लपू शकतो. ‘मे कंटेन’ असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ यंत्र एकच, माल अनेक. ज्याला नुसते अंगावर पित्त उठते आणि ज्याचा श्वास अडकतो, त्या दोघांनी ही ओळ सारख्याच धीटपणे वाचू नये. दुसऱ्याने पुडा परत ठेवावा.

सॉसच्या चिमुकल्या पुडीवर यादी शोधण्यात वेळ घालवू नये. वेष्टन १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर यादी मोठ्या खोक्यावर छापली की पुरते, आणि ते खोके हॉटेलवाल्याने कधीच रद्दीत दिलेले असते. ओळखीचा पुडाही दर खेपेला नव्याने वाचावा. ‘आता नव्या चवीत’ असे दिसल्यास दोनदा.

राहता राहिला शेजारच्या काकूंचा चिवडा. त्या पिशवीला मागची बाजूच नसते, म्हणून तोंडी परीक्षा घ्यावी लागते. आधी चिवड्याची मनापासून स्तुती करावी. मग पोहे पातळ की भाजके, हे विचारावे. याचा काही उपयोग नाही, पण काकू खुलतात. मग सहज, छताकडे बघत, हिंग कुठला वापरता म्हणून विचारावे. ‘नेहमीचाच’ असे उत्तर येईल. तेव्हा उठून स्वयंपाकघरात जावे आणि डबी मागावी.