पहिल्या रांगेतला साक्षीदार

गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत टेबल, टेबलावर तारखांची वही आणि वहीमागे व्यवस्थापक. चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी गावोगावच्या कमिट्या इथं येतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. कमिटीत अध्यक्ष असतो, खजिनदार असतो, गाडीवाला असतो आणि यांपैकी काहीच नसलेला एक गृहस्थ असतो. वर्गणीच्या यादीत त्याचं नाव शोधावं लागतं, पण राहुटीत पहिला चहा त्यालाच मिळतो. कुणाचा सोंगाड्या यंदा कुणाच्या फडात गेला, कुणाची ढोलकी बोलते आणि कुणाची नुसती वाजते, हे त्याला तोंडपाठ. फड ठरवताना शेवटचा शब्द त्याचा. आणि यात्रेच्या रात्री त्यानंच ठरवलेल्या फडाचा गण संपायच्या आत ‘ह्याला काय तमाशा म्हणायचा का?’ हा पहिला शब्दही त्याचाच. मग शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणतो, ‘विठा पाह्यली नाय ना तू.’ पोरानं पाहिलेली नसते. तिथून पुढं समोर काय चाललंय याला काही अर्थ उरत नाही.

हा तमाशाचा शौकीन. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत त्याचं पीक टोमॅटोसारखं येतं, फक्त त्याला बाजारभाव नाही. त्याचा भूगोल फडांच्या नावांवर चालतो. फडमालक आणि सोंगाडे नावापुढं गाव लावत असल्यामुळं मांजरवाडी म्हटलं की त्याला पांडुरंग मुळे आठवतात, अवसरी म्हटलं की वसंत अवसरीकर आणि सांगलीकडचं कवलापूर म्हटलं की काळू-बाळू. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर ही नावं त्याला माहीत आहेत. पण ती नारायणगावच्या आसपासची ठिकाणं म्हणून.

त्याची विठा म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म पंढरपूरचा, १९३५ सालचा. मृत्यू १५ जानेवारी २००२. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून घरात फड, मग वडील आणि चुलत्यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा गाजलेला फड, आणि पुढं विठाबाईंचा स्वतःच्या नावाचा. शौकिनांचे पंथ या ‘पुढं’पाशी फुटतात. एक पंथ म्हणतो, बाप आणि चुलता पाठीशी होते तोवर तिच्या नाचाला वळण होतं. दुसरा म्हणतो, फलकावर स्वतःचं नाव लागलं तेव्हाच ती मोकळी झाली. दोन्ही पंथांचे लोक एकाच हॉटेलात, एकाच बाकावर बसतात आणि बिल तिसऱ्यानं द्यावं याविषयी त्यांच्यात कधीच मतभेद नसतो.

आता थोडा हिशेब. आज साठीत असलेल्या शौकिनानं पंधराव्या वर्षी घरच्यांचा डोळा चुकवून तमाशा पाहिला असं धरलं, तरी त्याला दिसली ती पंचेचाळिशीच्या घरातली विठाबाई. तो वर्णन मात्र पंचविशीतल्या विठाबाईचं करतो. फेटा कसा उडाला आणि घुंगरू कसं तुटलं इथपर्यंत. हे त्यानं पाहिलेलं नाही, त्याच्या बापानं पाहिलंय. बाप गेल्यावर शेताबरोबर आठवणीलाही वारसनोंद लागली. तिचा फेरफार कधी मंजूर झाला ते कुठल्याही तलाठ्याला सांगता येणार नाही. शिवाय प्रत्येक जण पहिल्या रांगेत बसलेला असतो. आजवर भेटलेले सगळे साक्षीदार खरे मानले, तर पहिली रांग नारायणगावातून निघून नदी ओलांडून मंचरच्या स्टँडवर संपायला हवी, आणि दुसरी रांग मुळी नव्हतीच.

मग हा माणूस थापाड्या ठरवून सोडून द्यावा का? तसं करणारे पुष्कळ आहेत, आणि वकिली नजरेनं पाहिलं तर ते बरोबरही आहेत. पण साक्ष कशाबद्दलची आहे तेही पाहिलं पाहिजे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग, असा तमाशाचा सांगाडा ठरलेला. त्यावरचं मांस मात्र रोज रात्री नव्यानं चढायचं. वगाची गोष्ट कलावंतांना ठाऊक असते, संवाद कागदावर नसतात. सोंगाड्या संध्याकाळी गावात फिरून सरपंच कोण, सोसायटीचा चेअरमन कोण, त्या दोघांचं कशावरून बिनसलंय एवढं काढून आणतो आणि रात्री ते बतावणीत घालतो. मध्येच कुणी दौलतजादा करतो, गाणं थांबतं, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, गाणं पुन्हा सुरू होतं. अवसरीला झालेला वग घोडेगावला तोच राहत नाही. अशा खेळाचा अस्सल पाठ कोणता? शौकिनानं एकच रात्र तीन जणांना तीन तऱ्हांनी सांगितली तर आपण त्याला खोटारडा म्हणतो. फडानं एकच वग तीन गावांत तीन तऱ्हांनी केला तर त्याला कला म्हणतो. माझ्या मते हा माणूस तमाशा नुसता पाहून थांबलेला नाही. तमाशा त्याला लागलाय. आठवण सांगताना तो बतावणीच करतो, समोरच्या श्रोत्याचं गाव पाहून.

ध्वनिमुद्रणं असती तर हा घोळ झाला नसता, असं कुणी म्हणेल. अमेरिकेत ती होती, आणि तिथं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. जेरी गार्सिया हा तिथला गिटारवादक १९६५ पासून ‘ग्रेटफुल डेड’ या बँडमध्ये होता, शिवाय त्याचा स्वतःच्या नावाचा निराळा बँड होता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी तो वारला. हे लोक रोज वेगळं वाजवत, म्हणून श्रोत्यांना कार्यक्रम टेप करायची मोकळीक होती, आणि १९८४ पासून तर टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच राखलेली असे. कॉर्नेल विद्यापीठातला ८ मे १९७७ चा त्यांचा कार्यक्रम अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घातलाय. म्हणजे पुरावा तारीखवार हजर आहे. तरी गार्सियाचे शौकीन अजून भांडतात: मोठ्या बँडमधला जेरी खरा की स्वतःच्या बँडमधला, कुठल्या वर्षी त्याचा हात सैल पडला, कुठल्या रात्री देव अंगात आला. टेप लावूनही भांडण मिटत नाही, उलट टेप लावल्यावर त्याला जोर चढतो. त्यांची बोली ऐकून आपला बाकावरचा माणूस बुचकळ्यात पडेल. भांडण मात्र त्याला पहिल्या मिनिटाला कळेल.

आपल्याकडं कॅसेटच्या जमान्यात वगांच्या कॅसेटी निघाल्या आणि खपल्याही. पण ६० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटं, आणि वग पहाटेपर्यंत चालायचा. त्यात नाच दिसत नाही, दौलतजादा नाही, सरपंच नाही. शौकिनाकडं अशी एखादी कॅसेट असते, तिची टेप इतकी घासलेली की गाण्याआधी खरखरच ऐकू येते. त्या खरखरीतून तो विठा नेमकी काढून दाखवतो. नारायणगावपासून जवळच खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून कधीच्या काळी निघालेल्या क्षीण लहरी टिपत बसलेल्या आहेत. त्यांच्यात आणि या माणसात फरक एवढाच, की त्यांना सरकारी अनुदान मिळतं.

खरी गोष्ट मात्र पुढं आहे. विठाबाईंविषयी बाहेरच्या माणसाला एकच प्रसंग माहीत असतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या राहिल्या, भर खेळात कळा सुरू झाल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. लेखांत हा प्रसंग, भाषणांत हा प्रसंग, पुरस्कार समारंभात हार घालण्याआधी हाच प्रसंग. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, टाळ्या पडतात आणि वक्ता खाली बसतो. विठाबाई नाचायच्या कशा, गायच्या कशा, हे त्या भाषणात नसतं, कारण ते वक्त्याला माहीत नसतं. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळालेली कलावती लोकांच्या स्मरणात उरली ती बाळंतीण म्हणून. शौकिनासमोर ही गोष्ट काढून पाहा. तो चिडतो. ‘बाळंतपणाचं काय सांगतो, आमची म्हातारी बी बांधावर बाळंत झाली व्हती अन् दुपारी खुरपायला गेली व्हती. गवळणीचं बोल की!’ उत्तर उद्धट आहे, आणि त्याच्या म्हातारीला त्याबद्दल कधी कुणी हार घातला नाही हेही त्यातच आलं. पण टीका म्हणून ते बिनतोड आहे. सोसणं पुष्कळ बायांच्या वाट्याला आलं. विठाबाईंचा जो निराळेपणा होता तो बोर्डावर होता, पडद्यामागं नव्हता. मग बाकावर जो वाद पेटतो त्याचा विषय तरी ऐका: गौळणीत मावशीला उत्तर द्यायच्या आधी विठा थांबायची की ढोलकी थांबायची, ‘मुंबईची केळेवाली’त पहिली टाळी तिच्या चालीला पडायची की बोलण्याला, उतारवयात पाय जड झाले तेव्हा तिनं नाच कमी केला की नजर वाढवली. यातलं कोण खरं बोलतंय हे ठरवता येणार नाही. पण सगळे तिच्या कामाबद्दल बोलताहेत. तमाशाच्या रात्रीला शहरातल्या वर्तमानपत्राचा समीक्षक क्वचितच आला. जी काही समीक्षा झाली ती या बाकावर, उधारीच्या चहावर झाली.

यावर दोन आक्षेप राहतात. पहिला, हा माणूस मेलेल्यांचाच शौकीन आहे आणि जिवंत फडांना त्याच्या नाक मुरडण्याचा तोटा होतो. हे मला फारसं पटत नाही. यात्रेच्या दिवशी सकाळपासून घाटात बैलगाड्या पाहून लोक दमलेले असतात. त्यातून रात्री दहानंतर भोंग्यावर बंदी. शिवाय हल्ली उसातून बिबट्या निघतो म्हणून गर्दी लवकर पांगते. पोरं दोन गाणी मोबाईलवर घेऊन निघून जातात. शेवटपर्यंत टिकतो तो हाच, कुरकुरत का होईना. वग का कापला म्हणून सोंगाड्याला जाऊन विचारतो तोही हाच, आणि वग कापला हे कळायला पूर्ण वग माहीत असावा लागतो.

दुसरा आक्षेप जड आहे. ज्या विठाबाईंना तो ‘आमची विठा’ म्हणतो, त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. पहिल्या रांगेतली ती मंचरपर्यंत गेलेली माणसं तेव्हा कुठं होती? विठाबाईंच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार २००६ साली सुरू झाला, त्या गेल्यानंतर चार वर्षांनी. आणि फडाच्या फलकावर जात ठळक अक्षरांत लिहिलेली होती. रात्री फेटे उडवणाऱ्या गावानं दिवसा त्या फडाला कुठं उतरवलं, पाणी कुठल्या विहिरीवरून दिलं, हे या माणसाच्या अचाट स्मरणशक्तीत सापडत नाही. तुटलेलं घुंगरू आठवतं, विहीर आठवत नाही. विठोबाला विठू म्हणावं तसं तो विठा म्हणतो, असा बचाव करता येईल; पण विठूचं देऊळही त्या जातीला कधी काळी बंद होतं. या आक्षेपाला त्याच्याकडं उत्तर नाही, आणि त्याच्या वतीनं मलाही ते देता येत नाही.

तरी पुढच्या पाडव्याआधी नारायणगावला जाणं झालं, तर राहुट्यांजवळच्या एखाद्या हॉटेलात थोडं थांबा. तो तिथं असेल. दोन चहा सांगा, मोबाईल ध्वनिमुद्रणाला लावून टेबलावर ठेवा आणि गौळणीपासून सुरुवात करा. बाळंतपणाचा विषय काढू नका. विहिरीचं जरूर विचारा. जन्मसाल मात्र विचारू नका.