घाटनांदूरचे श्रमदानी पाव्हणे

श्रमदानाला निघालेल्या माणसाचं सामान लग्नाला निघालेल्या माणसाहून जास्त असतं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीने घाटनांदूरजवळच्या एका वाडीवर चर खणायला जायचं ठरवलं, तेव्हा यादीत हातमोजे, गॉगल, सनस्क्रीन, गुडघ्याचे पट्टे आणि बाटलीबंद पाण्याची खोकी होती. टिकाव-फावडं नव्हतं. “ते तिथे मिळतं,” असं सेक्रेटरी म्हणाले. टी-शर्ट मात्र छापून झाले होते. पाठीवर ठळक अक्षरांत ‘जलयोद्धा’.

पाणी फाउंडेशनने २०१६ साली वॉटर कप स्पर्धा सुरू केली ती तीनच तालुक्यांत: अमरावतीतला वरुड, साताऱ्यातला कोरेगाव आणि बीडमधला अंबाजोगाई. घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यातलं. पुढे पुण्या-मुंबईच्या माणसांनाही उन्हाळ्यात गावाकडे जाऊन घाम गाळायची हौस आली आणि आमच्या सोसायटीच्या वार्षिक सहलीला तात्त्विक अधिष्ठान मिळालं.

नांदेडकडे जाणाऱ्या गाडीने कुर्डुवाडी, बार्शी करत लातूर आलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली ती इथेच. खजिनदार ही माहिती गंभीरपणे सांगत होते आणि त्याच वेळी अर्धी बाटली पाणी ओतून चष्मा धूत होते.

घाटनांदूर परळीच्या अलीकडे. पण “एवढं आलोच आहोत तर वैजनाथाचं दर्शन घेऊ,” असा ठराव बहुमताने मंजूर झाला आणि आम्ही परळी गाठली. ज्योतिर्लिंगानंतर अंबाजोगाईची योगेश्वरी निघाली, तिच्यामागोमाग मुकुंदराजांची समाधी. चर खणायची मोहीम तीर्थयात्रेच्या मार्गाला लागलेली पाहून सोसायटीतले निवृत्त प्राध्यापक कडाडले, “दासोपंतांनी याच अंबाजोगाईत ४० हात लांब पासोडी लिहून काढली. तुम्ही निदान चार हात खणा!” मग सगळे निमूट काळी-पिवळीत बसले.

बालाघाटाच्या माथ्यावरून जीप मागे घाटनांदूरकडे निघाली आणि प्राध्यापकांनी विषय जगभर नेला. अमेरिकेतली चर्चं दर उन्हाळ्यात आठवड्याभरासाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या परदेशी पाठवतात, शाळा नाहीतर शिबिराच्या इमारती दुरुस्त करायला. रॉबर्ट लप्टन या अमेरिकन लेखकाने २०११ च्या ‘टॉक्सिक चॅरिटी’ पुस्तकात सांगितलंय की मेक्सिकोतल्या एका चर्चला एकाच उन्हाळ्यात सहा तुकड्यांनी सहा वेळा रंग दिला.

“भिंत छान दिसत असेल,” सेक्रेटरी म्हणाले.

“आणि याच्या उलट पिअर सेरेसोल बघा. स्विस इंजिनिअर. वडील देशाचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेलं व्हर्दंजवळचं एक गाव उभारायला यांनी १९२० साली तुकडी नेली. १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाल्यावर तिथे आले आणि पुन्हा पुन्हा येत राहिले.”

“टी-शर्ट होते का त्यांच्याकडे?” खजिनदारांनी विचारलं. उरलेला रस्ता शांततेत पार पडला.

मुक्काम शाळेत होता. पहाटे अंधार असतानाच बायका-माणसं टेकडीवर गेली. आम्ही सनस्क्रीन लावून पोचलो तोवर त्यांचा निम्मा चर झाला होता. उतारावर फक्कीने रेघा आखल्या होत्या. सलग समतल चर म्हणजे रेघ उताराला आडवी आणि अगदी एका पातळीत हवी, नाहीतर पाणी मुरायचं सोडून एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. इथे पातळी बघायला होती पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. आमच्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याने मोबाइल जमिनीवर ठेवून पातळीचं ॲप उघडलं. नळी धरलेल्या पोराने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “सर, मोबाइल उचला, घमेलं ठेवायचंय.”

मग टिकाव चालले. सेक्रेटरींचा पहिला घाव फक्कीच्या रेघेवर, दुसरा रेघेबाहेर आणि तिसरा खजिनदारांच्या बुटापासून वितीवर बसला. एक मावशी आल्या, त्यांच्या हातातून टिकाव काढून घेतला आणि घमेलं दिलं. “काय करायलाव सर? तुमी माती उचला. फोटो त्यातबी चांगला येतो.”

सकाळ संपताना आमचा चर १० मीटर झाला. ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. प्राध्यापकांनी हिशेब मांडला: १,८०० लिटर. सोसायटीत येणारा टँकर १०,००० लिटरचा. म्हणजे एका टँकरसाठी जवळपास सहा सकाळी. सगळ्यांचे चेहरे पडले, तेव्हा नळीवाला पोरगा म्हणाला, “एकदाच भरत नसतो सर. मोठा पाऊस झाला की पुन्हा भरतो, पुन्हा मुरतो.” या एका वाक्यावर जलयोद्ध्यांचा कणा ताठ झाला.

जेवायला धपाटे, दही, ठेचा आणि येसर आमटी. पहाटेपासून खणणाऱ्या बायकांनीच खाली येऊन आमच्यासाठी चूल पेटवली होती. आमच्या खोक्यांतलं पाणी तापून कढत झालं होतं, म्हणून आम्ही त्यांच्या माठातलं प्यायलो. टँकरच्या गावाचं पाणी पिऊन त्यांना पाणी कसं वाचवावं यावर सेक्रेटरींनी भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवतातच.

निघताना सेक्रेटरींनी टेकडीकडे पाहिलं. आमच्या रेघेशेजारी फक्कीने आखलेली, पण कुणी हात न लावलेली एक पट्टी होती.

“ही राहिली वाटतं?”

“ऱ्हायली न्हाई, ठिवलीय,” मावशी म्हणाल्या. “पुढच्या ऐतवारी मुंबईची टीम यायलीय. मऊ जागा हाय. मुरूम आमच्याकडं, माती पाव्हण्याकडं.”

सोसायटीच्या अहवालात धपाट्यांचा उल्लेख दोनदा आला. हे वाक्य मात्र सेक्रेटरींनी जागेअभावी गाळलं.