थंडीतली बचत

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. १९९१ पासून तो पाळला जातो. ज्याने कोणी ही तारीख ठरवली, त्याला खान्देशाची नाडी बरोबर सापडलेली दिसते. डिसेंबरात जळगावचे पंखे बंद असतात, कुलर गच्चीवर ताडपत्रीखाली झोपलेला असतो आणि एसीचा रिमोट कुठल्या खणात आहे ते घरात कोणालाच आठवत नसतं. नेमक्या त्याच आठवड्यात स्वेटर घातलेली पोरं फलक घेऊन फेरी काढतात आणि सभागृहात मान्यवर शपथ देतात: एसी चोवीसच्या खाली नेणार नाही. सगळे हात पुढे करून खणखणीत आवाजात शपथ घेतात. एकादशीच्या दिवशी मटण सोडायला काय जातं?

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की खरी परीक्षा. २०२० पासून नवा एसी सुरू होतो तोच चोवीस अंशांवर, सरकारनेच तशी सोय केली आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाचं पहिलं कर्तव्य म्हणजे ती सोय मोडून अठरा करणं. 'खोली लवकर गार होते भो!' होत नाही. यंत्र तेवढ्याच वेगाने गार करतं, फक्त जास्त वेळ राबतं. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. पण ब्युरो दिल्लीत, आपण भुसावळात. मग पहाटे हुडहुडी भरते आणि कर्ते पुरुष आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी ओढून घेतात.

मे महिन्यात गोधडी! हे भाग्य पणजोबांना लाभलं नाही. ते धाब्याच्या घरात राहत. वर मातीचा जाड थर, जाड भिंती, भरदुपारी आत गारवा आणि कोपऱ्यात आखाजीला भरलेली घागर. बिल शून्य. असलं मागासलेपण सहन न होऊन आपण ते घर पाडलं आणि स्लॅब टाकला. दिवसभर तापलेला तो स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता परत करत बसतो. ती हुसकायला एसी, एसीला वीज, आणि विजेसाठी दीपनगरच्या वीजकेंद्राला कोळसा.

बचतीच्या त्याच डिसेंबरात भरीत पार्ट्याही असतात. वांगी भाजायला कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे शेतातला टाकाऊ मालच इंधन. इथवर आम्ही जगाला धडे देऊ शकतो. पुढे पंगत बसते. चारी बाजूंनी रावेरची केळीबाग, हात लांबवला की पान. पण जेवायला शहरातून प्लॅस्टिकचं अस्तर लावलेल्या चकचकीत पत्रावळी येतात. काही रसिक अजूनही थर्माकोल पैदा करतात. त्यावर २३ मार्च २०१८ पासून बंदी आहे, आणि आता ती आमच्यात चांगलीच मुरली आहे. उष्ट्या पत्रावळी त्याच जाळात पडतात. दुसऱ्या खेपेच्या वांग्यांना म्हणूनच जरा वेगळा वास येतो.

धुळेकरांना मात्र 'पाणी वाचवा' सांगायला कोणी जात नाही. नळाला रोज पाणीच येत नाही म्हटल्यावर बचत आपोआप होते. त्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, सव्वाशे मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. ऊन ही आमच्याकडची एकमेव गोष्ट, जिचं भारनियमन कधी झालं नाही.

ते ऊन घरोघर पकडावं म्हणून आमच्या कॉलनीतल्या अप्पांनी सोलरवाला बोलावला. तीन किलोवॅट, म्हणजे साधारण तीनशे चौरस फूट गच्ची. काकू वर आल्या. गच्चीवर ओल्या साडीवर ज्वारीचे बिबडे वाळत होते. पहाटे चारला उठून शिजवलेले.

"हे कुठे वाळवायचे, भाऊ?"

"काकू, पॅनेलवर काही टाकू नका. सावली पडली की वीज कमी होते."

"म्हणजे आमच्या उन्हावर वीज होणार, त्या विजेवर यांचा अठराचा एसी चालणार, आणि बिबडे आम्ही विकत आणायचे?"

सोलरवाला गडबडला. अप्पांनी मान खाली घातली. शेवटी त्याने हुकमी पान टाकलं, "काकू, अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडी आहे!"

काकूंनी विचारलं, "बिबड्यांवर?"