सोयाबीनचं नाव निघालं

अर्थसंकल्पाच्या दिवशी आमच्या धाराशिवात सगळ्यात वजनदार माणूस कोण, तर ज्याच्या पगारातून प्राप्तिकर कापला जातो तो. एरवी त्याला कुणी विचारत नाही. पण त्या दिवशी अकराच्या ठोक्याला तो टीव्हीसमोर बसतो आणि घरातली माणसं भांड्याचा आवाज न करता वावरतात. आमच्या गल्लीत हा मान शेजारच्या गुरुजींचा. मीही त्यांच्या बाजूला बसतो, पण माझं बसणं निव्वळ शैक्षणिक. मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो, तेही विनाअनुदानित तुकडीवर. त्यामुळं राजकोषीय तूट समजावून सांगायला मला पुस्तक उघडावं लागत नाही. कराचे टप्पे पोरांकडून तोंडपाठ करून घेतो आणि स्वतः पहिल्या टप्प्याच्या आत, शून्य टक्क्यांच्या सावलीत, निर्धास्त राहतो.

२३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प मात्र सगळ्यांनीच बघायचं ठरवलं होतं. जूनमध्ये नवं सरकार आलेलं. नवं म्हणजे पंतप्रधान तेच, अर्थमंत्री त्याच, टेकू तेवढे नवे. फेब्रुवारीत हंगामी अर्थसंकल्प झाला तेव्हा खरं काय ते जुलैत सांगू, असा वायदा झाला होता. आमच्याकडं वायदा म्हटलं की माणूस तारीख लक्षात ठेवतो. शिवाय निर्मला सीतारामन यांचा हा ओळीनं सातवा अर्थसंकल्प, म्हणजे मोरारजी देसाईंचा ओळीनं सहाचा विक्रम त्या दिवशी मोडायचा होता.

वार मंगळवार. म्हणजे अर्धा जिल्हा तुळजापूरला देवीच्या रांगेत. उरलेला अर्धा सेतू केंद्राच्या रांगेत, कारण २८ जूनला मुंबईत अजित पवारांनी राज्याचा अर्थसंकल्प मांडला होता आणि त्यातून लाडकी बहीण निघाली होती. महिन्याला दीड हजार. उत्पन्नाची अट अडीच लाखांची. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर दाखला नको. आमच्या आईनं तेव्हा आठवडाभर आधार, पासबुक आणि रेशनकार्ड अशी तिन्ही कागदं पदराच्या टोकाला बांधली होती. मी म्हटलं, "आई, आज दिल्लीचं बजेट आहे. गुरुजींकडं येतेस का बघायला?"

"त्यात माझा फॉर्म मंजूर झाला का, तेवढं बघून ये," ती म्हणाली आणि रांगेत गेली.

केंद्र वेगळं, राज्य वेगळं हे मी अकरावीच्या पोरांना दोन तासांत शिकवतो. आईला मात्र शिकवता आलं नाही. तिच्या मते पैसे खात्यात येतात ते बँकेतून येतात आणि बँक तालुक्याला आहे. या तिच्या सिद्धांतात मला आजवर चूक काढता आलेली नाही.

गावाकडची शेती बघणारे आमचे आबाही त्या दिवशी आले होते. पीएम किसानच्या केवायसीसाठी अंगठा द्यायचा होता. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा खुरप्यानं कधीच पुसून टाकल्यात, त्यामुळं मशीन त्यांना ओळखत नाही आणि ते मशीनला मोजत नाहीत. अंगठा लागेना म्हणून ते गुरुजींच्या ओसरीत येऊन बसले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सहा हजाराचं आठ हजार झालं का?"

गुरुजी म्हणाले, "अजून सुरुवात आहे, आबा."

भाषण पुढं सरकत होतं. बिहारच्या रस्त्यांना २६ हजार कोटी. आंध्रच्या राजधानीला १५ हजार कोटी. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं. आमच्या जिल्ह्यानं नुकताच ओमराजे निंबाळकरांना तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून देऊन विरोधी बाकावर बसवलं होतं. त्यामुळं आम्हाला राजधानी मिळावी अशी कुणाची अपेक्षा नव्हती. पण एखादा पूल तरी? महाराष्ट्राचं नावच नाही म्हणून दुसऱ्या दिवशी संसदेत ओरड झाली, तेव्हा अर्थमंत्र्यांनी उत्तर दिलं की नाव घेतलं नाही म्हणजे दुर्लक्ष केलं असं होत नाही, वाढवण बंदराला ७६ हजार कोटी मंजूर झालेच आहेत. खरंच आहे. फक्त वाढवण पालघरात आहे आणि आम्हाला समुद्र म्हणून दाखवायला तेरणा धरण आहे, तेही पाऊस झाला तर. मग कोळंबीचं खाद्य स्वस्त झालं. आबांनी विचारलं, "कोळंबी म्हंजी?" गुरुजींनी बोट वाकडं करून दाखवलं. आबांनी त्या बोटाकडं बराच वेळ बघितलं आणि काही बोलले नाहीत.

कॅन्सरची तीन औषधं सीमाशुल्कातून मोकळी झाली. हे मात्र चांगलं झालं. आमच्याकडून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलकडं जाणारी एसटी कधी रिकामी जात नाही.

आणि मग सोनं. सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून एकदम ६ टक्के. भाषण संपायच्या आत माझा फोन वाजला. बहिणीचा होता. मेव्हण्यांनी आषाढी एकादशीचा मुहूर्त साधून, म्हणजे बरोबर आदल्या आठवड्यात, अडीच तोळ्यांचा ऐवज घेतला होता. त्या दिवशी तोळ्यामागं काही हजार उतरले. "आषाढात कुणी सोनं घेतं का? चार दिवस दम निघाला नाही," एवढंच ती माझ्याशी बोलली. मेव्हण्यांशी त्यानंतर पोळ्यापर्यंत बोलली नाही. पुढच्या वर्षी सोनं लाखाच्या वर गेलं, तेव्हापासून मेव्हणे ही खरेदी आपल्या दूरदृष्टीची म्हणून सांगतात. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात ते मी त्यांना सांगितलेलं नाही. नात्यात काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात.

शेवटी गुरुजींचा क्षण आला. नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावट ५० हजारांची ७५ हजार झाली, टप्पेही थोडे सैल झाले. पडद्यावर पट्टी आली: पगारदारांची साडेसतरा हजारांपर्यंत बचत! काकू आतून पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या आणि ती पट्टी वाचून उभ्याच राहिल्या. गुरुजींनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. त्यांचा पगार वर्षाला आठ लाख. पूर्वीचा कर ३० हजार, आता साडेबावीस. वर चार टक्के उपकर. म्हणजे वाचले ७,८००. महिन्याला ६५०. तो साडेसतराचा आकडा पंधरा लाखांच्या वरच्यांसाठी होता, हे "पर्यंत" नावाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. काकूंनी आकडा वाचला होता, "पर्यंत" वाचलं नव्हतं. मधले ९,७०० रुपये नेमके कुणाकडं जातात, याचा खुलासा गुरुजी अजूनही अधूनमधून देत असतात. आणि ते ६५०? ते संध्याकाळपर्यंत तिघांना मिळाले होते. मुलाला डेटा पॅकसाठी, काकूंना भिशीत आणखी एका नावासाठी आणि गावाकडच्या भावाला फवारणीच्या औषधासाठी, ज्यावर १८ टक्के जीएसटी आहे. सरकारनं एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं घेतलं असं म्हणणार होतो. पण मध्ये काकूंचाही हात होता.

आबांना हे सगळं फार मिळमिळीत वाटलं. त्यांच्या काळात बजेट म्हणजे खरं बजेट. संध्याकाळी पाचला भाषण, रात्री रेडिओवर बातमी आणि आदल्या दिवशी गावातल्या दुकानातून विड्या, सिगारेटी, काड्यापेट्या गायब. दुकानदार सांगायचा माल संपला, आणि सगळ्या गावाला माहीत असायचं की माल त्याच्या बाजेखाली आहे. वेळ १९९९ साली यशवंत सिन्हांनी सकाळी अकराची केली आणि ती मजा संपली. २०१७ साली जीएसटी आला आणि 'काय स्वस्त, काय महाग' हा रकानाच जवळजवळ निकामी झाला. आता कराचे दर ठरवायचं काम जीएसटी परिषद वर्षभर करते. २०२४ च्या डिसेंबरात तिनं जैसलमेरला बसून खारे पॉपकॉर्न ५ टक्के, पाकीटबंद १२ टक्के आणि कॅरमलचे १८ टक्के असा खुलासा केला. आम्ही मक्याच्या लाह्या खातो. त्या अजून कुणाच्या नजरेत आलेल्या नाहीत, म्हणून इथं जास्त लिहीत नाही.

मराठी अर्थमंत्र्यांचंही आबांना कौतुक आहे. मराठवाड्याच्या शंकरराव चव्हाणांनी १९८९ साली अर्थसंकल्प मांडला, हे ते घरचं कार्य असल्यासारखं सांगतात. पण त्यांच्या डोक्यात बसलंय ते १९७३. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. त्या वर्षी दिल्लीत तूट ५५० कोटींची आणि आमच्याकडं पाण्याची. बहात्तरचा दुष्काळ, आबा ऐन पोरवयात खडी फोडायला, पोटात सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो. "मराठी माणूस तिजोरीवर बसला होता, तरी मिलो ती मिलोच," ते म्हणतात. पण लगेच पुढं म्हणतात, "रोजगार हमीनं जगवलं मात्र." आबांचं अर्थकारण असं दोन्ही बाजूंनी पुरं असतं. माझ्या पाठ्यपुस्तकाला ते जमलेलं नाही.

रेल्वेचं मी विसरलो नाही, गल्लीतलं कुणीच विसरत नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, ८४ किलोमीटर. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी सोलापूरच्या सभेत या मार्गाची बातमी दिली होती. पूर्वी रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा असायचा, तेव्हा आम्ही वर्षातून दोनदा निराश व्हायचो. २०१७ पासून एकदाच होतो. ही बचत कुणी मोजत नाही. देवीला घाई नाही. तिच्याकडं लोक कोजागिरीला चालत येतात.

आणि नेमकं अशाच गप्पांच्या नादात, भाषणाच्या सुरुवातीलाच आलेलं आमचं वाक्य निसटत होतं. तेलबियांमध्ये आत्मनिर्भरता आणायची, असं चाललं होतं. मोहरी, भुईमूग, तीळ… "सोयाबीन!" आबा ओरडले. "आवाज वाढीव, आवाज वाढीव!" गुरुजींनी रिमोट शोधला, तो उशीखाली होता. आवाज वाढला तोवर सूर्यफूल आलं आणि गेलं. पण नाव निघालं होतं. दिल्लीत, संसदेत, आमच्या सोयाबीनचं. आबांनी त्या दिवशी गावाकडं जाताना गुरुजींचे पोहे दुसऱ्यांदा घेतले.

हमीभाव जूनमध्येच जाहीर झाला होता, क्विंटलला ४,८९२. ज्या १९ जूनच्या मंत्रिमंडळ बैठकीत वाढवण बंदर मंजूर झालं, त्याच बैठकीत. सप्टेंबरात, १४ तारखेला, सरकारनं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावर शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर मूळ शुल्क शून्याचं थेट २० टक्के. अर्थसंकल्पात नाही, भाषणात नाही, साध्या अधिसूचनेत. आमच्या जिल्ह्यापुरता तोच खरा अर्थसंकल्प. मी वर्गात फळ्यावर बाण काढून दाखवलं: आयात महाग, म्हणून देशी तेलबियांना भाव. किराणा दुकानात तेलाचा डबा लगेच महागला, म्हणजे अर्धा बाण बरोबर निघाला. आडतीवर सोयाबीन मात्र चार हजारांच्या आसपास रेंगाळत राहिलं.

आबांनी जाब विचारला. मी समजावलं की शंभर किलो सोयाबीनमध्ये तेल निघतं जेमतेम अठरा किलो, बाकी सगळी पेंड; आणि जगात पेंडीला उठाव नाही.

"म्हंजी तेलाचं बजेट झालं, पेंडीचं ऱ्हायलं," आबा म्हणाले.

हमीभावाच्या केंद्रावर गेलो तर ओल बारा टक्क्यांच्या आत पाहिजे. काढणीच्या वेळी पाऊस हटला नव्हता. आबांनी मापाड्याला सांगितलं, "बारा टक्के तर माझ्या बनियनात हाय." माणूस हसला, यंत्र हसलं नाही. कुठं ओल, कुठं बारदाना नाही. मग नोव्हेंबरच्या १५ तारखेला केंद्रानं पंधरा टक्क्यांपर्यंत ओल चालेल असं कळवलं. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. सोयाबीनची ओल सरकारला सोसते, पण ती पाच वर्षांतून एकदा, हे आबांनी तेव्हा नोंदवून ठेवलं. तोवर आमचं सोयाबीन आडतीवर जाऊन पट्टीही झाली होती. आईचे दीड हजार मात्र ऑगस्टपासून येत होते. त्यातून तिनं महागलेलं तेल आणलं. घरात सध्या तेवढाच एक हिशोब जुळतो.

पुढचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारी २०२५ चा. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हटल्यावर गुरुजींनी पोह्यांची ताटली हातात असताना उठून उभं राहून टाळी वाजवायचा प्रयत्न केला. बिहारला मखाना मंडळ मिळालं. आणि मग डाळींसाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर झाली: तूर, उडीद, मसूर.

आबा या वेळी ओरडले नाहीत. ते चप्पल शोधायला लागले.

मी म्हटलं, "आबा, तुरीचं नाव घेतलं. ऐकलं का?"

"ऐकलं. फोन लाव आडतीला. चाळणी राहू दे, पोतीच शिवायला सांग. आजच्या आज तूर काढायची."