‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ : जुन्या चाहत्यासाठी प्रात्यक्षिकासह मार्गदर्शन

चाहता कुणीही होतो. त्याला फक्त मोबाईल लागतो. जुना चाहता होणं ही मात्र साधना आहे, आणि सोलापुरात ती शिकवायची कुठे सोय नाही. पार्क चौकात टायपिंगपासून परदेशी भाषांपर्यंत सगळ्याचे क्लास निघतील, पण ‘यांचं पूर्वीचं काम ऐकलंय का तुम्ही?’ हे वाक्य योग्य सुस्काऱ्यासह कसं म्हणावं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा उद्योग.

साहेबाच्या मुलखात हा सराव रॉक बँडवर करतात. मेटॅलिकाच्या पोरांनी १९९६ मध्ये नवा अल्बम काढताना केस कापले, तर चाहत्यांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. बॉब डिलननं इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून १९६६ मध्ये मँचेस्टरला भर कार्यक्रमात एकानं त्याला गद्दार ठरवलं. आपल्याकडे बँड म्हटलं की लाल कोट, क्लॅरिनेट आणि घोड्यावरचा घामाघूम नवरदेव. त्यामुळे प्रात्यक्षिकासाठी मी अजय-अतुल घेतले आहेत. बँड नाहीत, भाऊ आहेत. पण निराश व्हायला पुरेसे आहेत.

आधी तारीख ठरवावी. ‘इथपर्यंत चांगलं होतं, इथून पुढे बिघडलं’ अशी एक रेघ लागते. रेघ कुठे मारायची? बाकीच्या जगाला ज्या दिवशी पत्ता लागला, त्याच्या आदल्या दिवशी. ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला आला आणि वरातीवरातीत वाजू लागला. तेव्हा ‘नटरंगच्या आधीचं ऐका’ हे सुरक्षित वाक्य आहे. थोडं धाडस असेल तर ‘जोगवा’च्याही मागे जावं. त्यात एक अडचण आहे. ‘जोगवा’ला संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही त्याच चित्रपटासाठी मिळालाय, आणि समोरचा ते काढतो. मग आपण खिडकीबाहेर बघत हळूच म्हणायचं, ‘पुरस्कार ठीक आहे हो.’ पक्के लोक थेट २००१ च्या ‘विश्वविनायक’ या कॅसेटवर जातात. तिथे वादच संपतो, कारण समोरच्यानं ती ऐकलेली नसते. आपणही पूर्ण ऐकलेली असलीच पाहिजे असं नाही.

आता साहित्य. कॅसेट हवी. वाजली नाही तरी चालेल, घरात असावी.

कॅसेटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण खरी गोम इथे आहे आणि ती चारचौघांत सांगायची नाही. २००४ मध्ये ‘अगं बाई अरेच्चा!’ची कॅसेट मी नव्या पेठेतून आणली तेव्हा महिन्याच्या पॉकेटमनीत एवढी एकच बसत होती. म्हणजे महिनाभर तीच. त्यातलं एक गाणं मला पहिल्यांदा अजिबात आवडलं नव्हतं. पण आमच्या टेपचं फॉरवर्डचं बटण दाबलं की टेप आत गुंडाळायची, म्हणून ते सोसावं लागे. आठव्या वेळी त्यातली बासरी ऐकू आली. पंधराव्या वेळी मी ते अंघोळ करताना म्हणत होतो. विसाव्या वेळी मित्राला सांगितलं, ‘ऐकताक्षणी कळलं होतं बे मला, हे वेगळंच आहे.’ शिवाय घरासमोर यंत्रमागाचा कारखाना. खटाक-खटाक सकाळपासून. त्या मागांच्या वरचढ आवाज ठेवून ऐकायची सवय लागली, तर त्या गाण्यांना आपोआप एक ठेका चिकटला, जो स्टुडिओत कुणी वाजवलेलाच नव्हता. आज तेच गाणं भारीतल्या हेडफोनवर ऐकलं की काहीतरी कमी वाटतं. अर्थातच नव्या तंत्राचा दोष.

यावरून नव्या गाण्यासाठीचा नियम निघतो : चाळीस सेकंदांपेक्षा जास्त संधी देऊ नये. ‘चंद्रमुखी’ असो, ‘वेड’ असो, ‘महाराष्ट्र शाहीर’ असो, ते गॅसवर दूध ठेवून ऐकावं, किंवा एसटीत कंडक्टर सुट्टे मागत असताना. दूध उतू जायच्या आत मत तयार झालं पाहिजे. पंधरा वेळा ऐकलंत तर आवडून जाण्याचा धोका आहे आणि वीस वर्षांची पुण्याई एका दुपारी पाण्यात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचं असंच झालं. मुलीच्या गॅदरिंगची तालीम त्यांच्याच हॉलमध्ये चालायची. आठवडाभरात ते नवं गाणं गुणगुणू लागले. आता ते आमच्यात बसत नाहीत.

टीकेची दोन वाक्यं कायम खिशात असावीत. गाण्यात ढोल, पन्नास व्हायोलिनं आणि अजयचा चढा आवाज असेल तर : ‘तेच तेच करतायत.’ यातलं काही नसेल तर : ‘ओळख हरवली.’ दोन्हींच्या मध्ये तिसरी जागा नाही, ती शोधायला गेलेला संगीतकार अजून परत आलेला नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिल्या वाक्यात थोडं तथ्य असतंही. एखादी युक्ती लोकांनी डोक्यावर घेतली की पुढचा निर्माता तीच मागतो. ‘कोंबडी पळाली’ची चाल ‘अग्निपथ’मध्ये हिंदी नेसून आली ती काही संगीतकाराच्या स्वप्नात देवानं सांगितलं म्हणून नाही. पण तथ्याचा वापर जपून करावा. जास्त तथ्य आलं की मजा जाते.

स्थानिक इशारा. सोलापूर जिल्ह्यात ‘सैराट’ला नावं ठेवताना आजूबाजूला बघून घ्यावं. दिग्दर्शक जेऊरचा, नायिका अकलूजची, पडद्यावरचा परिसर करमाळ्याकडचा. शेजारच्या सीटवर कुणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही. टीका फक्त लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदावर करावी. तिथला कुणी मंगळवेढा गाडीत बसत नाही. ‘उसाच्या फडातल्या प्रेमाला हॉलिवूडचं व्हायोलिन कशाला?’ हे विचारावं आणि लगेच उतरावं. रेटून धरायचं असेल तर २०१८ च्या ‘धडक’वर घसरावं. ‘झिंगाट’ हिंदीत ऐकताना सोलापूरकराचा चेहरा शेंगाचटणीत साखर पडल्यासारखा होतो, त्यावर सर्वपक्षीय एकमत आहे.

सगळं जमलं, तारीख पाठ झाली, की एक परीक्षा उरते आणि त्यात मी दरवर्षी नापास होतो. आमच्या गल्लीत, म्हणजे पूर्व भागात, एक अण्णा आहेत. पद्मशाली, मागावर आयुष्य गेलेलं, घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी. त्यांच्यासमोर मी एकदा ‘विश्वविनायक’चा हुकमी पत्ता टाकला. अण्णा म्हणाले, ‘ऐकलंय की. बालू गायलेत त्यात, म्हणून आणली होती.’ बालू म्हणजे एस. पी. बालसुब्रह्मण्यम. मग त्यांनी चष्मा पुसला. ‘बरं आहे. पण हे सगळं राजानं कधीच करून ठेवलंय बघा. व्हायोलिन काय, बासरी काय. सागर संगमम् बघितलाय का तुम्ही?’ राजा म्हणजे इलयराजा. १९८३ चा चित्रपट, संगीत आणि गायन दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार. त्यावर ‘पुरस्कार ठीक आहे हो’ म्हणायची माझी छाती झाली नाही. त्यात आमचे दोघे भाऊ स्वतःच इलयराजांना गुरुस्थानी मानतात, म्हणजे तक्रार तरी कुणाकडे करायची? या मार्गदर्शनात यावर उपाय नाही. अण्णा दिसले की रस्ता बदलावा.

मागच्या भाद्रपदात रस्ता बदलायला जागा नव्हती. मंडळाच्या लेझीमचा सराव चालू होता, अण्णा ओट्यावर, मी त्यांच्या शेजारी, आणि पुतणी लेझीम खाली ठेवून पाणी प्यायला आली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. स्पीकरवर काहीतरी नवं लागलं होतं. ती नाक मुरडून म्हणाली, ‘काका, आता पहिल्यासारखं नाही ना करत ते. सैराटपर्यंत कसलं भारी होतं.’

‘सैराट?’ मी म्हटलं. ‘अगं, तोवर तर सगळं संपलं होतं!’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ‘धडक’च्या प्रेक्षकांकडे पाहतो. म्हणाली, ती तेव्हा शाळेत होती. शाळेच्या रिक्षावाल्या मामांकडे तीच चार गाणी होती, वर्षभर, जाताना आणि येताना. दुसरं लावा म्हटलं तर ते लावायचे नाहीत. ‘पहिल्यांदा मला याड लागलं बोअर झालेलं,’ ती म्हणाली. ‘मग कळलं.’

‘कितव्यांदा?’ मी सवयीनं विचारलं.

‘लगेच कळलं की,’ ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. तिनं विचारलं, ‘तुम्ही चंद्रमुखीतलं ऐकलंय का?’

‘चाळीस सेकंद.’

‘मग?’

‘पहिल्यासारखं नाही.’

‘तेच म्हणतेय मी!’

अण्णांनी ओट्यावरून मान डोलावली. ‘बरोबर बोलतीय पोरगी,’ ते म्हणाले. ‘त्र्याऐंशीनंतर तसं झालंच नाही की.’