बंबाची आतली बाजू

तांब्याचा बंब घासणं हा आमच्या वाड्यात घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. अब्रू बाहेरूनच दिसते, त्यामुळे बंबही बाहेरूनच घासला जाई. धनत्रयोदशी आली की आजी चिंच-मीठ घेऊन बसे. चिंचेच्या आंबटाने तांब्यावरचा काळपट थर सुटला, की झेंडूची माळ, हळदकुंकू, शेजारच्या काकूंचं कौतुक. आतल्या नळीत काजळी मात्र ठाण मांडून असे.

आणि पाणी तापवते ती नेमकी ही नळी. खाली जाळीवर विस्तव, वर धुराडं, भोवती पाणी. तांबं उष्णता झटकन पुढे देतं. काजळी ती कचेरीतल्या कारकुनासारखी अडवून धरते. ओल्या ढलप्या नीट जळत नाहीत, धुमसतात, त्यातून काजळी चढते. पाणी तापत नाही म्हणून आणखी ढलप्या, म्हणून आणखी काजळी. घरातली कर्ती माणसं यावर वखारवाल्याला शिव्या घालत.

नळी साफ करण्याचा मान पोरांचा, कारण पोरांना नकाराधिकार नव्हता. राख काढायची, बंब रिकामा करून अंगणात आडवा पाडायचा आणि काठीला गोणपाट गुंडाळून नळीत घुसळायचं. आजोबा पायरीवर बसून मार्गदर्शन करत. “वारा कुठून येतोय ते बघून बसावं,” हे ते काजळी उडून आमच्या तोंडावर बसल्यानंतर सांगत. काजळी पाण्याने जात नाही, नुसती पसरते. घरात आंघोळीची सर्वांत जास्त निकड आम्हाला आणि बंब आडवा!

मग आजोबांचा कायदा: आधी पाणी, मग विस्तव. पाणी असेतो तांबं शंभर अंशांच्या फारसं पुढे जात नाही. कोरड्या बंबात विस्तव घातला तर डाक वितळते, सांधे सुटतात आणि कसबा पेठेतल्या तांबट आळीची वारी घडते.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच अंदाजाने ढलप्या पडल्या. साफ नळीने इमानाने काम केलं. तोटीतून असं कढत पाणी आलं की विसण पुरेना. बादलीत बोट घालून ते तोंडात धरत आजोबा गरजले, “पुढच्या वर्षी नळी बेताचीच साफ करा रे!”