सहा कोअर विरुद्ध सहा कोअर: नवशिक्यांसाठी बाळबोध पोथी

घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलंय, हे तुम्ही नांदगावात एका जरी माणसाला सांगून बसला असाल तर आता सुटका नाही. संध्याकाळी स्टेशनकडच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारणारच, "इंटेल की एएमडी?" त्यावर "अजून ठरलं नाही" असं म्हणालात तर लोक तुमच्याकडे लग्न न ठरलेल्या पस्तिशीच्या मुलाकडे बघावं तसे बघतील. घाबरू नका. या वाटेने मी गेलेलो आहे, चार महिने गेले, परत आलो. सांगतो तसं करा.

१. आधी जोडी नीट निवडा. एक चांगला आणि एक वाईट प्रोसेसर घेऊन बसलात तर निकाल पाच मिनिटांत लागेल. मग पावसाळ्यापर्यंत करायचं काय? दोन्ही शक्य तितके सारखे हवेत. नवशिक्यांना मी रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५-१२४००एफ ही जोडी सुचवतो. दोन्ही २०२२ सालचे. याला ६ कोअर, त्यालाही ६. याला १२ थ्रेड, त्यालाही १२. कमाल वेग दोघांचाही ४.४ गीगाहर्ट्झ, आणि कागदावर दोघंही ६५ वॅटचे. छत्तीस गुण जुळले म्हणून गुरुजींनी पंचांग मिटून चहा मागवावा, अशी ही पत्रिका. भांडायला याहून कसदार जमीन मिळायची नाही.

फरक लागतोच, तर तोही देतो. एल३ कॅश रायझनला ३२ एमबी आहे, इंटेलला १८. कॅश म्हणजे प्रोसेसरचा मिसळणाचा डबा. हळद-तिखट-मोहरी हाताशी असली की दर फोडणीला कोठीच्या खोलीत, म्हणजे रॅमपर्यंत, पळावं लागत नाही. एएमडीवाला म्हणेल, आमचा डबा मोठा. इंटेलवाला म्हणेल, आमच्या आचाऱ्याचा हात जलद. दोघांचंही खरं आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. याला वादाची गुणवत्ता म्हणतात.

२. पक्ष धरा. पुरावे मागाहून गोळा करता येतात. इंटेल १९६८ सालची, एएमडी १९६९ची; दोन्ही कंपन्या अमेरिकेतल्या, आणि आपल्या तालुक्यात शिरायची वाट दोघींनाही ठाऊक नाही. तरी त्यातली एक आपली आणि दुसरी त्यांची, असं मनाशी पक्कं करा. कुठली, हे मामाच्या घरी पहिला कॉम्प्युटर कुठला होता त्यावर ठरतं.

तुम्ही एएमडीच्या गोटात असाल तर २०२४चं प्रकरण पाठ करा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजने बिघडू लागले आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तुम्ही बघताय तो प्रोसेसर बाराव्या पिढीचा, त्याला या दुखण्याची बाधा नव्हती. हे वाक्य समोरच्यासमोर उच्चारू नका.

इंटेलच्या गोटात असाल तर "एएम४ सॉकेट आता मेला" एवढं म्हणा आणि सावकाश चहाचा घोट घ्या. २०१७च्या पहिल्या रायझनपासूनचा तो सॉकेट. २०२२ मध्ये एएम५ आला. तुमचा एलजीए१७०० देखील चौदाव्या पिढीनंतर संपला, २०२४ मध्ये त्याच्या जागी नवा आला. थोडक्यात, मयत दोन्ही घरांत झालेली आहे. आधी सांत्वनाला जो जातो तो जिंकतो. "पुढेमागे अपग्रेडला वाव हवा" हे वाक्यही दोन्ही बाजूंनी चालतं. ज्या घरात मिक्सरचं तुटलेलं झाकण २०११ पासून बदललेलं नाही, तिथे ते विशेष शोभतं.

३. आलेख बघा. रात्री अकरानंतर, मोबाइलवर, पांघरुणात. समजा एका खेळात एकाने सेकंदाला १८७ फ्रेम दिल्या आणि दुसऱ्याने १८१. सहा फ्रेमचा फरक! उठून बसा. मित्राला तेवढ्या रात्री मेसेज करा. तुमच्या टेबलावरचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. उरलेल्या १२७ आणि १२१ फ्रेम कुठे जातात, असले प्रश्न अभ्यासू माणसाला पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट दिसेल, तिकडे कानाडोळा करा. प्रोसेसरांतला फरक उठून दिसावा म्हणून अशा चाचण्यांत बहुधा सगळ्यात दांडगं ग्राफिक कार्ड लावतात. त्या एका कार्डाच्या पैशात तुमच्या अख्ख्या मशीनसारखी दोन-तीन मशीनं उभी राहतील. साधं कार्ड लावलं की अडतं ते कार्डापाशी, आणि मग दोन्ही प्रोसेसर जवळपास सारखेच दिसतात. याला बॉटलनेक म्हणतात. नांदगावकराला हे वेगळं शिकवायला नको. गिरणा धरण आपल्याच तालुक्यात आहे. ते काठोकाठ भरलं म्हणून आपल्या नळाला रोज पाणी आलं, असं कधी झालंय?

४. उन्हाळ्याचा हिशेब. कूलर किती का भारी असेना, तो प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बेचाळीस असेल तर मोजणी बेचाळीसपासून सुरू. रायझनची मर्यादा ९० अंश, इंटेलची १००. इंटेलवाले हे आमचं पोरगं जास्त ऊन सोसतं अशा सुरात सांगतात.

विजेचंही मांडा, त्याने घरात वजन पडतं. पूर्ण जोर लावला की १२४००एफ ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, ५६०० सुमारे ७६ वर थांबतो. फरक ४१ वॅट. रोज चार तास, तोही सतत पूर्ण जोर धरला, तर महिन्याला पाच युनिट. छताचा जुना पंखा यापेक्षा जास्त खातो, आणि तो तर रिकाम्या खोलीतही फिरत असतो. पण वहीत पाच युनिट लिहू नका. दहा वर्षांचे लिहा. सहाशे युनिट म्हटलं की आई सुद्धा ऐकायला थांबते.

५. जुना बोर्ड मिळवा. हे शौर्याचं कलम आहे. कुणीतरी मनमाडहून बी४५० जातीचा सेकंडहँड बोर्ड स्वस्तात आणून देईल. रायझन ५६०० त्यावर चालतो, पण बायोस अपडेट केलेलं असेल तरच. नसेल तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, आणि बऱ्याच बोर्डांवर अपडेट करायचं तर त्याच्या ओळखीचा एखादा जुना प्रोसेसर आधी बसवावा लागतो. लायसन हवं तर गाडी चालवून दाखवा, गाडी चालवायची तर लायसन दाखवा. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्याला ही पद्धत अंगवळणी पडलेली असते.

जुना प्रोसेसर उसना मिळाला की खरी परीक्षा. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो. तेव्हा मुहूर्त काढा. वायरमनशी आठवडाभर आधीपासून गोड बोला. गावठाण फीडरवर आहात की मळ्यात शेतीच्या फीडरवर, हे तपासा. मळ्यात असाल तर आजच्या आज इंटेलच्या पक्षात जा. आभाळ भरून आलेलं नको, शेजारी वेल्डिंग चालू नको. शेजारच्या ऑनलाइन फॉर्मवाल्याकडून यूपीएस मागून आणा, आणि त्याची बॅटरी मेलेली आहे हे त्याला आधीपासून माहीत होतं का, हे नंतर विचारा. पट्टी ९७ टक्क्यांवर थबकते. तेव्हा घरात कुणालाही मोटर लावू देऊ नका.

कूलर उपसताना एएम४चा प्रोसेसर कधीकधी थर्मल पेस्टला चिकटून सॉकेटमधून दातासारखा उपटून येतो. त्याच्या पोटाला १३३१ पिना असतात. त्यातली एखादी वाकली तर मोजत बसायला विरंगुळा होतो.

६. "रोजचं काम" हा शब्द जपून वापरा. कॉम्प्युटरचे पैसे त्याच नावाखाली मंजूर झालेत. अण्णांना त्यावर सातबारा काढायचाय, कांद्याच्या पट्ट्या वहीतून टॅलीत घ्यायच्यात, ताईला स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरायचाय. यासाठी दोन्हींपैकी कुठलाही चालतो. किंबहुना घरातल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली आणि रॅम ४ची ८ जीबी केली तरी भागेल. हे घरात कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. एका सुज्ञ दुकानदाराने हे माझ्या वडिलांना परस्पर सांगितलं, आणि त्यांना आवरता आवरता मला दोन रविवार लागले.

तशी अण्णांची भाषा तुमच्या बाजूची आहे. आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटला सीपीयू म्हणतात. "सीपीयू घ्यायचाय" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर डबा येतो, आणि हा तळहाताएवढासुद्धा नसलेला चौकोन बघितल्यावर ते "बाकीचा कुठंय?" असं विचारतात. तेव्हा उरलेल्या खर्चाचा कागद पुढे करा.

७. शेवटी जे दुकानात असेल ते घ्या. मनमाडहून पंचवटीने मुंबई गाठा, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पायी तुडवा, किंवा घरी बसून मागवा; चार महिन्यांच्या अभ्यासाचा निकाल दुकानदाराच्या "भाऊ, हा आजच आहे, तो मागवावा लागेल" या वाक्याने लागतो. रॅमचे भाव आठवड्याला विचारत जा. कांद्याची सवय असलेल्या घराला त्यात नवीन काही वाटत नाही, एवढंच की इथे भाव चढला की रडायचं आपण असतं.

खरेदीच्या वेळी कुणी म्हणेल, "एफ नसलेला साधा १२४०० घ्या, नाहीतर रायझनमध्ये ५६००जी बघा, त्यांच्यात ग्राफिक आतच असतं." त्याच्याकडे दयेने पाहा. वादात त्या दोघांना कुणी विचारत नाही. ग्राफिक कार्ड तर काय, पुढच्या महिन्यात घ्यायचंच आहे.

घरी या. बोर्ड, रॅम, कूलर, एसएमपीएस, सगळं जोडा. नारळ फोडा, पण कॅबिनेटपासून लांब. बटण दाबा. पंखे फिरतील, लाल-निळे दिवे लागतील, आई हळदी-कुंकू वाहील. मॉनिटरवर "नो सिग्नल" अशी पाटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत राहील. खोक्यावरचं ते शेवटचं अक्षर आता पुन्हा एकदा वाचा. ५६००च्या पक्षातल्या मित्राला फोन करून चिडवायला जाऊ नका, त्याच्याकडेही तीच पाटी तरंगते आहे.

अण्णा दारातून विचारतील, "झाला का रे सुरू?"

"ड्रायव्हर टाकतोय," म्हणा. आणि सातबारा मोबाइलवर काढून द्या.